बिनपत्र्याचं घर

आमचं टेंभुर्णीचं घर आम्ही विकलं तेव्हा त्याच्यावर एकही पत्रा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण अजूनही गावाकडचं कुणी लग्नाकार्यात भेटलं की हळूच कानाशी लागतं, "काय गं सुमन, तुम्हाला तवा लईच नड होती का?" नड होती की. नड कुणाला नसते? पण नडीपायी आम्ही घर तसं विकलं नाही. मायनं ठरवलं होतं की हे घर आहे तसंच विकायचं, आणि माझ्या मायनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते फिरवता यायचं नाही. माझ्या सुनेला वाटतं मी फुगवून सांगते. वाटू दे. आढ्यावर मी बसले होते, ती नव्हती.

घर तसं साधं. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं न्हाणी. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर रुंद, आणि वर पत्रा. नाना, म्हणजे माझे वडील रंगनाथ, भावापासून वेगळे निघाले तेव्हा जुनं माळवदाचं घर थोरल्या भावाकडं, आमच्या आबांकडं राहिलं आणि आम्ही गावाच्या खालच्या अंगाला, बसस्टँडच्या वाटेवर आलो. भिंतीची माती नानांनी स्वतः तुडवली होती. पत्र्याच्या घरात जो राहिला नाही त्याला कळायचं नाही, पण पत्रा दिवसभर बोलत असतो. सकाळी ऊन चढायला लागलं की तड तड करतो, सांजच्याला निवायला लागला की पुन्हा तडतडतो. माय त्या आवाजावर घर चालवायची. "पत्रा बोलला, चूल पेटव," एवढंच म्हणायची. दुपारी आत पाय ठेवायची सोय नसायची, म्हणून जेवण ओसरीवर. ज्वारीची भाकर, पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. शनिवारी मात्र येसराच्या मसाल्याची आमटी व्हायची, कारण शनिवारी नाना यायचे. त्या आमटीचा वास बसस्टँडपर्यंत जातो आणि तोच मला ओढून आणतो, असं ते म्हणायचे. मायपुढं एवढीच काय ती थट्टा करायची त्यांची हिंमत होती.

नाना नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीच्या गोदामात कामाला होते. बियाण्याला लावायच्या औषधाचा गुलाबी रंग त्यांच्या नखांत कायमचा बसला होता. शनिवारी सांजच्या गाडीनं यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचे. माणूस गरीब, कामसू, आणि थोरल्या भावासमोर बिलकुल मुका. आबा बोलायला लागले की नाना टोपी नीट करत आणि जमिनीकडं बघत. वाटणीत आलेलं रान आबाच कसत, वर्षाला जे द्यायचं ते देत, आणि नाना जे दिलं ते घेत. मायला या गोष्टीची भयंकर चीड. पण थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मायनं ती रीत जन्मभर पाळली. पाळली म्हणजे कशी? आबा ओसरीवर आले की ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड उभी राहायची आणि म्हणायची, "सुमन, सांग तुह्या आबाला..." आणि मग जे सांगायचं ते असं सांगायची की आबांची कानशिलं लाल व्हायची. तोंड तिचं, आवाज तिचा, पण रीतीप्रमाणं बोलत होते मी. तिच्या निम्म्या शिव्या माझ्या नावावर जमा आहेत.

त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती. निकाल यायचा होता. पास झाले तर पुढं जालन्याला शिकायचं, असं मायनं आणि मी ठरवून टाकलं होतं. नानांना नुसतं कळवलं होतं. आबांचं ठरवणं वेगळं होतं. भोकरदनकडचं एक स्थळ त्यांनी बघून ठेवलं होतं, आणि आम्हाला मुलगा नाही म्हणजे मला उजवलं की आमचं घर आपोआप त्यांच्या धाकट्या पोराचं, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की आमच्या ओसरीवर बसून ते कुठली भिंत पाडायची ते त्याला दाखवायचे. आमच्या देखत, आमचाच चहा पीत.

अशात आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी वादळ आलं. सकाळपासून कोंडल्यासारखं झालं होतं. अंगणात दोन खाटांवर कुरडया वाळत होत्या, माय ज्वारी पाखडत होती, आणि अचानक पश्चिमेकडून मातीची भिंतच चालत आली. "कुरडया!" एवढं माय ओरडली. मी खाटेकडं पळाले, तिनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि आम्ही दोघी कणगीच्या आडोशाला बसलो. पत्रा आधी थरथरला, मग एका टोकाला उचलला, आपटला, पुन्हा उचलला. उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड गडगडत खाली आले, एक तर चुलीतच पडला. आणि मग एक असा आवाज झाला की तो मला लिहिता येत नाही. सगळे पत्रे एका दमात गेले. डोक्यावर एकदम आभाळ. एक वासा तुटून लोंबत होता, आणि मधलं आढं, म्हणजे घराच्या माथ्यावरून जाणारं आडवं लाकूड, तेवढं जागच्या जागी होतं. पाऊस म्हणाल तर चार थेंब. नुसता वारा आला, आमचं घर उघडं करून गेला.

एक पत्रा चिंचेत अडकला, बाकीचे चुरगळून रानोमाळ. आमच्या कुरडया शेजारणीच्या निंबावर लटकत होत्या. दुसऱ्या दिवशी आखजी. मायनं चुलीतला दगड काढला, चूल सारवली आणि उघड्यावर पुरण घातलं. आमरस केला, पितरांना घागर भरली. "पितरं वरूनच येतात ना? मंग आज त्यांना सोपं पडंल," म्हणाली. मी रडत होते, ती म्हणाली, रडून पत्रे परत येत असतील तर दोघी रडू.

आता इथं आमच्या गावची एक गोष्ट सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरावर नवा पत्रा चढला की आढ्याला लाल खणात नारळ बांधतात. ज्यानं पत्रा घातला, त्यानंच तो बांधायचा. आणि ज्याचा नारळ आढ्याला, त्याचा शब्द त्या घरात चालायचा. हे कुठल्या कायद्यात नाही, पण गावात कायद्याला विचारतं कोण? आमच्या गंगाकाकूचं घर जळालं, तिचा नवरा आधीच गेल्ता. आबांनी मोठ्या मनानं पत्रे घातले, नारळ बांधला, गावानं वाहवा केली. पुढच्या उन्हाळ्यात त्या घरात आबांचा कडबा आला. मग बैल आले. मग काकू माहेरी गेली, ती गेलीच. तिनं पारावर दाद मागितली तेव्हा लोकांनी वर बोट दाखवलं: नारळ कुणाचा? आबांचा. मंग झालं तर.

म्हणून वादळानंतर, शनिवारचे आलेले नाना घरी असताना, आबा येऊन "काळजी करू नका, पत्र्याचं मी बघतो, सारा खर्चा माह्याकडं" म्हणाले, तेव्हा नानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मायच्या डोळ्यांत जाळ. आबा गेल्यावर ती म्हणाली, "पत्रा नगं. घर इकायचं."

"असं उघडं?" नाना म्हणाले.

"उघडं म्हणजे उघडं. आपल्या जवळचं किडूकमिडूक पत्र्यात घालायचं का हिच्या शाळेत? आन भाऊजींचा पत्रा घेतला तर ना घर राह्यलं ना पोरगी. इकू. जालन्याला खोली घेऊ."

"दादा काय म्हणतील?"

"म्हणू द्या. त्यांना तोंड हाय."

नाना गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार की नकार, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसायचं. सोमवारी ते जालन्याला गेले.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि मग सल्ले सुरू झाले. निदान ताडपत्री टाका. निदान भिंतीला पांढऱ्या मातीचा हात फिरवा, तुटलेला वासा झाका, दार रंगवा. बारा जणी आल्या आणि बारा सल्ले देऊन गेल्या. माय प्रत्येकीला पाणी द्यायची आणि म्हणायची, "घर इकून राह्यले बाई, नवरी दावून राह्यले न्हाई." शेवटी मोठीमाय, म्हणजे आबांची बायको, आली. ओसरीच्या पायरीवर बसून तिनं वर आभाळाकडं बघितलं आणि जिभेवर ठेवणीतलं आणलं: "नवरा जिता असून घराचं डोकं उघडं ठेवलंस. रांडव दिसतंय घर. शोभतं का?" मी मायकडं बघितलं. मला वाटलं आता चिमटा तरी फेकून मारते. माय शांतपणे भाकर उलथत म्हणाली, "जाऊबाई, घराला नवरा लागत न्हाई, मालक लागतो. तो जालन्याला हाय. शनिवारी येतो."

गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या दवाखान्यातल्या नर्सबाई. कमलबाई नाव, माहेर शहागडचं, एकट्या राहायच्या. गावात दोन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली होती, आणि स्वतःच्या पगारातून स्वतःचं घर घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एकट्या बाईनं घर घ्यायचं, हे ऐकूनच मी त्यांच्याकडं टकामका बघत बसले. मायनं त्यांना घर दाखवलं ते असं: "हा कोपरा बघा, श्रावणात इथून ओल चढती. हा मेढीचा खांब आतून पोकळ हाय, बुक्की मारा, आवाज येईल. न्हाणीचं पाणी मागं तुंबतं आन शेजारीण भांडाया येती. दाराची कडी पावसाळ्यात लागत न्हाई."

कमलबाई हसायलाच लागल्या. "ताई, घर विकून राह्यल्या का मोडून?"

"जे हाय ते दावून राह्यले. उद्या तुमी शिव्या द्याल, त्या मला जालन्याला ऐकू येतील."

"द्या मला हे घर," कमलबाई म्हणाल्या. "शहागडला आमच्या भावानं रंग दिलेलं घर घेतलं होतं. श्रावणात रंग खाली आला आन मागून भेगा निघाल्या. इथं काय हाय ते सगळं दिसतंय. पत्रे मी माझे घालीन. फक्त एक, ताई. मधे दुसऱ्या कुणाचा पत्रा चढू देऊ नका. नारळाची भानगड मला माहितीये. मला घर घ्यायचंय, भांडण न्हाई."

मायनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. म्हणजे आता सगळं कशावर अडलं होतं बघा. नाना शनिवारी येऊन हो म्हणेपर्यंत घर उघडं राहायला पाहिजे होतं. पत्रा चढला की कमलबाई गेल्या, जालना गेलं, माझी शाळा गेली, आणि भोकरदनचं स्थळ आलंच म्हणून समजा.

आबांना हे कळायचं ते कळलंच. आणि त्यांनी शनिवारच निवडला. हिशोब बराबर होता त्यांचा: सकाळी सुरू करायचं, सांजच्या गाडीच्या आत नारळ बांधून मोकळं व्हायचं. रंगनाथ येईल, वर बघेल, टोपी नीट करील आणि आत जाऊन जेवील. भाऊच तो, त्याला ओळखून होते.

ट्रॅक्टरची ट्रॉली दारात आली तेव्हा माय ओसरीवर बसून कांदे निवडत होती. नवे कोरे पत्रे, इतके चकाकत होते की डोळे दिपले. सोबत महादू मिस्त्री, त्याची शिडी, आणि आबांच्या हातात लाल खणात गुंडाळलेला नारळ. पत्रे धडाधड उतरायला लागले. त्या आवाजानं अर्धा गाव गोळा झाला. माय उठली, पदर ओढला, दाराआड गेली.

"सुमन, सांग तुह्या आबाला, पत्रे उतरवू नका. घर इकलंय."

"आबा, माय म्हणती पत्रे उतरवू नका. घर इकलंय."

"तुह्या मायला सांग," आबा गावाकडं बघत म्हणाले, "रंगनाथनं मला तसं सांगितलं न्हाई. मी काय परक्याच्या घरावर पत्रा घालून राह्यलो का? माह्या भावाला पोरगा न्हाई. घर भावकीत राह्यलं पाहिजे. इचारा कुणालाही." आणि कुणालाही विचारायची गरजच नव्हती, निम्मे लोक माना डोलवत होते. महादू मिस्त्रीनं शिडी भिंतीला लावली आणि पिशवीतले हूक काढायला खाली वाकला.

मी काही ठरवलं नव्हतं. लोक म्हणतात मायनं शिकवलं होतं, खोटं आहे ते. मला फक्त ती शिडी दिसली, मोकळी. परकर खोचला आणि चढले. भिंतीच्या माथ्यावरून चालत गेले आणि आढ्याच्या मधोमध, जिथं नारळ बांधतात नेमक्या त्या जागी, दोन्हीकडं पाय सोडून बसले. लाकूड तापून असं झालं होतं की किंचाळावं वाटलं. किंचाळले नाही.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग आबा ओरडले, "सुमे! उतर खाली! लोक बघून राह्यले!"

"बघू द्या की!"

"मिस्त्री, चढा तुमी. उतरवा तिला."

महादू मिस्त्रीनं वर बघितलं, आबांकडं बघितलं आणि हूक पुन्हा पिशवीत टाकले. "न्हाई आबा. वयात आलेली पोरगी वर बसलीय, मी तिला हात लावू? आन पडली तर गाव माह्या नावानं बोंबलंल. ती उतरू द्या, मंग सांगा."

आता कुणाला वर येता येईना. आढ्यावर पोरगी असताना पत्रा ठोकता येईना. मोठीमाय छाती बडवत आली, "नवरीच्या वयाची पोर आन आढ्यावर घोड्यावाणी बसली! कोण करून घेईल हिला आता?" मी वरून ओरडले, "कुणी करूच नका!" आणि पोरंसोरं फिदीफिदी हसली. तेवढ्यात दाराआडून मायचा आवाज: "सुमन! सांग तुह्या आबाला, ऊन लागतंय, सावलीत बसा म्हणावं." आबा मायपासून चार हातांवर उभे. तरी रीत ती रीत. निरोप मायकडून वर माझ्याकडं आला आणि मी तो गळा काढून खाली आबांना सांगितला. आबांनी जे उत्तर दिलं ते मी तसंच मायला सांगितलं. असं बराच वेळ चाललं. लोक हसून हसून कुंपणाला टेकले. आबांना कळेना की रागवावं कुणावर, कारण माय तर तोंड उघडून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

शेवटी आबा निंबाखाली पत्र्याच्या थप्पीवर पोतं टाकून बसले. "बसू दे. भुकंनं उतरंल."

मायनं शेंदायची दोरी वर फेकली आणि खालच्या टोकाला पाण्याचा तांब्या बांधला. मग भाकर, ठेचा, फडक्यात बांधून. मी आढ्यावर बसून जेवले. वरून सगळं गाव दिसत होतं, आबांचं माळवद, त्यावरची त्यांची मिरची, जाफराबादचा रस्ता, आणि कुंपणाशी छत्री धरून उभ्या कमलबाई.  त्या एवढंच बघत होत्या की पत्रा चढतो का. माझे पाय मुंग्या येऊन मेले होते, मांड्या भाजल्या होत्या, आणि आणखी एका गोष्टीची जी अडचण झाली होती ती कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण खरा राग मला मायचा येत होता. शेजारपाजारच्या सगळ्या बाया "उतर गं पोरी, चक्कर येईल" म्हणत होत्या. माय एकदाही म्हणाली नाही. पाणी पाठवलं, भाकर पाठवली, पण उतर म्हणाली नाही. हिला माझी जराही दया येत नाही, असं मी वर बसून मनाशी घोकत होते.

दिवस कलला तसा आबांचा नूर बदलला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "येऊ द्या आता रंगनाथला. एका हाकेत उतरवतो का न्हाई बघा."  आणि ते खरं होतं. मला माहीत होतं, मायला माहीत होतं, कुंपणावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नाना येणार, आबा म्हणणार उतरव, नाना म्हणणार उतर. आणि बापानं म्हटल्यावर मी उतरणार, कारण मी आबांना भीत नसले तरी नानांचा पडलेला चेहरा मला बघवत नसे.

गाडी आली. धूळ खाली बसायच्या आत नाना वळणावर दिसले, हातात पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी. दारातली गर्दी बघून ते धावायलाच लागले; त्यांना वाटलं कुणी गेलं. मग त्यांनी वर बघितलं.

"बघ," आबा उठून म्हणाले. "बघ तुह्या लेकीचे गुण. सगळ्या गावात नाक कापलं. सांग तिला उतरायला. पत्रा घालून घेऊ, अजून उजेड हाय."

नानांनी पिशवी खाली ठेवली. पत्र्यांकडं बघितलं, आबांच्या हातातल्या नारळाकडं बघितलं. मग दाराकडं. माय दाराच्या बाहेर येऊन उभी होती. त्या दिवसभरात पहिल्यांदाच तिनं मला काही सांगायला सांगितलं नाही. नुसती उभी राहिली.

नाना शिडी चढायला लागले. मी आढं घट्ट धरलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर ते थांबले, त्यांचं तोंड माझ्या गुडघ्याच्या बरोबरीला आलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, थोरल्या भावासमोर, सगळ्या गावासमोर, आणि वर माझ्यापुढं धरली.

"घाल," म्हणाले. "ऊन लई हाय."

ऊन कुठं होतं? दिवस पार चिंचेमागं गेला होता. मी टोपी घातली. घामानं आतून ओली होती ती, आणि बियाण्याच्या औषधाचा वास. मला रडू फुटलं, दिवसभर धरून ठेवलेलं.

"टोपी काढली व्हय माह्यासमोर, रंग्या?" आबांचा आवाज बदलला होता.

"व्हय, दादा." नाना वळले नाहीत, शिडीला धरूनच बोलले.  "पत्रे भरा ट्रॉलीत. घर इकलंय."

"असं? उघडं?"

"असंच इकलंय."

आबांनी नारळ काखेला मारला. मग म्हणाले, "आजपासून मला भाऊ न्हाई. मेलो तरी येऊ नको." नाना तरीही खाली उतरले नाहीत. पत्रे परत ट्रॉलीत चढत होते, त्याचा तो धडाधडा आवाज ऐकत बाप शिडीवर आणि लेक आढ्यावर, आम्ही दोघं तसेच राहिलो. मग ते महादू मिस्त्रीला म्हणाले, "शिडी राहू द्या थोडी. पोरीला उतरायचंय."

कमलबाईंनी घर घेतलं. मेढ बदलली, पत्रे घातले आणि नारळ स्वतःच्या हातानं आढ्याला बांधला. बाईमाणूस नारळ बांधतं का कुठं, म्हणून गाव चार दिवस बोललं आणि मग त्यांच्याकडंच सुई टोचून घ्यायला गेलं. मी पास झाले. पुढं शिकले, शिकवलं, पेन्शनीत निघाले. आबांचं म्हणाल तर भाऊ नसलेला तो माणूस पुढं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला आला तो आमच्याच खोलीत उतरला. नानांनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मायनं पुरणपोळ्या केल्या आणि पदर ओढून दाराआडून म्हणाली, "सुमन, सांग तुह्या आबाला, अजून एक घ्या. डोळे झाकलेत, पोट न्हाई." डोळ्याला पट्टी बांधलेले आबा त्या दिवशी हसले. मी पहिल्यांदाच बघितलं.

पण मला जे सांगायचं होतं ते टेंभुर्णी सोडली त्या दिवसाचं. भांडी-कुंडी गाडीच्या टपावर बांधली होती. आत तिघांच्या बाकावर माय खिडकीशी, मधे मी, कडेला नाना. गाव मागं पडलं, जालन्याचा रस्ता लागला. मग नाना टोपी नीट करत, समोरच्या बाकाच्या दांडीकडं बघत म्हणाले, "सुमे, खरं सांगू? त्या दिवशी मी यायच्या आधी तू उतरली असती, तर मी काय बोललो नसतो. नव्या पत्र्याखाली मुकाट गेलो असतो. हातपाय धुऊन जेवलो असतो."

मी मायकडं बघितलं. मायनं खिडकीतून तोंड वळवलं नाही.

"सुमन," ती म्हणाली, "सांग तुह्या नानाला. म्हणून तर मी तुला उतर म्हणलं न्हाई."